कोसभर वाट

दारिद्र्य मोजण्याचीं साधनें आमच्या काळांत पुष्कळ सुधारलीं आहेत. १९७१ सालीं वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ या पुण्याच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं भारतांतील दारिद्र्यावर जो प्रबंध प्रसिद्ध केला, त्यांत माणशीं रोज २,२५० उष्मांक पुरविणारें अन्न मिळण्यास किती खर्च लागतो यावरून दारिद्र्याची रेषा आंखिली होती. पुढें समित्यांमागून समित्या बसल्या, रेषा वर-खालीं सरकली, आणि आतां तर पोषण, शिक्षण, वीज, जळण अशा अनेक कसोट्या लावून गरिबी मोजतात. हें सर्व योग्यच आहे. परंतु तालुक्याच्या गांवीं पंचवीस-तीस वर्षें अध्यापन करीत बसलेल्या आमच्यासारख्या माणसास या कोष्टकांत एक रकाना नेहमीं कमी वाटत आला आहे. तो रकाना अंतराचा. पाण्यासाठीं अर्ध्या तासाहून अधिक चालावें लागतें काय, एवढें हल्लीं विचारतात खरें. पण शाळा किती दूर, काम किती दूर, दवाखाना किती दूर, आणि तें अंतर तोडण्यास माणसापाशीं स्वतःच्या पायांवांचून दुसरें काय आहे, हें विचारल्यावांचून त्याच्या गरिबीची खरी कल्पना येत नाहीं, असें आमचें मत आहे.

याचा अर्थ शहरांतला मनुष्य लांब जात नाहीं असा नव्हे. डोंबिवलीचा कारकून रोज दोन-तीन तास आगगाडींत उभा असतो. परंतु त्याच्या खिशांत मासिक पास असतो, एक गाडी चुकली तर दुसरी लागलीच येते, आणि अंतराच्या दुसऱ्या टोकास पगार असतो. मजुराच्या मुलीला दोन कोस चालून गेल्यावर दुसऱ्या टोकास काय मिळतें? एक तास भूमितीचा, एक तास इंग्रजीचा. आणि मास्तर रजेवर असले तर तेंहि नाहीं. आईबाप हा हिशेब करतात, आणि अडाणी असले तरी तो बहुधा बरोबर करतात. "लोक मागासलेले आहेत, मुलींना शिकवीत नाहींत," असें आपण सुशिक्षित मंडळी सहज बोलून जातों. पण ज्या वाटेनें ती मुलगी जाणार त्या वाटेनें पावसाळ्यांत एकवार चालून पाहिल्यास आपल्या बोलण्यांतील जोर पुष्कळ कमी होईल.

आमच्या आजोबांच्या पिढींतील गरीब विद्यार्थ्यानें हा प्रश्न एका रीतीनें सोडविला होता. तो घरच सोडीत असे. पुण्यास यावें, सात घरीं सात वार लावावे, किंवा माधुकरी मागावी, आणि रस्त्यावरच्या दिव्याखालीं अभ्यास करावा. १९०९ सालीं पुण्यांत निघालेलें अनाथ विद्यार्थी गृह माधुकरीच्याच आधारावर उभें राहिलें. आमच्या भाषेंतील कितीतरी आत्मचरित्रांचीं पहिलीं प्रकरणें या वारांच्या हकीकतींनीं भरलेलीं आहेत, आणि तीं वाचतांना मन भरून येतें. परंतु त्यांत एक गोष्ट न लिहितांच गृहीत धरलेली असते. ज्याला सात घरें पानावर बसवून घेतील त्याची जात ठरलेली होती. कुणब्याच्या, रामोशाच्या, महाराच्या मुलास हा मार्ग मोकळा नव्हता. त्याला पुण्या-कोल्हापुराचें अंतर आमच्या आजोबांपेक्षां अधिक होतें, जरी मैलांचे दगड तेच होते. शाहू छत्रपतींनीं १९०१ पासून कोल्हापुरांत एकामागून एक वसतिगृहें काढिलीं, तीं या दृष्टीनें पाहिलीं पाहिजेत.

शाहूंच्या राजधानींत कांहीं काळ शिकलेल्या भाऊराव पाटलांनीं तीच गोष्ट राज्याच्या आधाराशिवाय केली. १९१९ च्या ऑक्टोबरांत कऱ्हाडजवळच्या काले या गांवीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ सालीं तिचें ठाणें साताऱ्यास हलविलें. तत्पूर्वीं ओगल्यांच्या कारखान्याचा माल व किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या निमित्तानें ते खेडोपाडीं पुष्कळ हिंडले होते. वाटांची माहिती त्यांस पुस्तकांतून झालेली नव्हती. सर्व जातींचीं मुलें त्यांनीं एका छपराखालीं आणिलीं, एका पंक्तीस बसविलीं. आणि कोठींत दाणा उरला नाहीं तेव्हां त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने, व शेवटीं मंगळसूत्रहि, मुलांच्या पोटासाठीं काढून दिलें, ही हकीकत महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्या वसतिगृहास शाहू छत्रपतींचें नांव देण्यांत आलें.

जयंतीच्या भाषणांतून या गोष्टी दरवर्षीं सांगितल्या जातात, आणि सांगाव्यातच. तथापि त्या भाषणांत या व्यवस्थेचा जो भाग बहुधा निसटतो तो कामाचा. रोजचें दोन कोसांचें चालणें वसतिगृहानें वर्षाच्या दोन फेऱ्यांवर आणिलें, हें खरें. पण खेड्यांतला बाप मुलगा पाठवीत नसे त्याचें कारण केवळ अंतर नव्हतें. बारा वर्षांचा मुलगा म्हणजे घरांतला एक अर्धा गडी. तो गेला कीं तितकें उत्पन्न गेलें, आणि वर त्याचा खर्च आला. भाऊरावांनीं मुलास शिकतां शिकतां कमविण्यास लाविलें, तेव्हां दुसरा अडसर निघाला. १९४० सालीं साताऱ्यास महाराजा सयाजीरावांच्या नांवानें निघालेल्या निवासी हायस्कुलांत आणि १९४७ सालच्या छत्रपति शिवाजी कॉलेजांत हीच पद्धति चालविण्यांत आली. मुलें शेत कसीत, स्वयंपाक करीत, इमारतींच्या कामावर राबत, आणि त्या श्रमांवर शिकत. शिक्षण, मजुरी आणि वाट या तीन गोष्टी एकाच घराच्या अडचणी आहेत, त्या तीन निरनिराळ्या कचेऱ्यांकडे पाठवून सुटत नाहींत, हें त्यांस कोणत्याहि अहवालाशिवाय समजलें होतें. "कमवा व शिका" ही योजना पुढें विद्यापीठांनींहि उचलिली. परंतु कित्येक ठिकाणीं आतां ती फायली इकडून तिकडे नेण्यापुरती उरली आहे, आणि त्या कामाचे पैसे परीक्षा होऊन गेल्यावर मिळतात. ज्या मुलाचा महिना त्या पैशांवर अवलंबून आहे त्यास हा उशीर म्हणजे काय, याची कल्पना बिलावर सही करणाऱ्यास असतेच असें नाहीं.

परंतु वसतिगृहें प्रथम मुलग्यांसाठीं निघालीं. मुलगी घरींच राहिली. गांवची शाळा सातवीपर्यंत. आठवीस दोन कोसांवरच्या हायस्कुलांत जावयाचें. भाऊ चालत जातो, बहीण थांबते. हें इतकें सहज घडत आलें आहे कीं, तें कोणी ठरवून केलें असें वाटतच नाहीं.

या बाबतींत आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटणारें उदाहरण महाराष्ट्राबाहेरचें, तामिळनाडूंतील पुदुक्कोट्टै जिल्ह्याचें आहे. १९९१ च्या सुमारास तेथें अरिवोळी इयक्कम् या नांवाची साक्षरतेची चळवळ सुरू झाली. जिल्हाधिकारी होत्या शीला राणी चुंकत. जिल्हा कोरडवाहू, लोक गरीब, आणि पुष्कळ स्त्रिया दगडाच्या खाणींत खडी फोडून पोट भरणाऱ्या. साक्षरतेचे वर्ग संध्याकाळनंतर, गांवोगांव. शिकविणाऱ्या कार्यकर्त्या स्त्रिया तेथवर पोंचणार कशा? बस दिवसांतून दोनदां. या अडचणींतून अक्षरांच्या जोडीस सायकल आली. तिच्यावर बसण्यास शिकणें हा साक्षरतेचाच एक भाग मानण्यांत आला, शिकण्याचे मेळावे भरूं लागले, आणि सायकल घेण्यास स्त्रियांना बँकांकडून कर्जें मिळवून देण्यांत आलीं. पत्रकार पी. साईनाथ यांनीं तो सर्व प्रकार पाहून लिहिला. अठरा महिन्यांत लाखावर ग्रामीण स्त्रिया सायकल चालविण्यास शिकल्या असें त्यांनीं नमूद केलें आहे. प्रथम टवाळी झाली, अभद्र बोलणींहि झालीं. तिकडे लक्ष न देतां शेतमजूर बाया, खाणींतल्या बाया, परिचारिका, शिक्षिका, आज्या आणि नाती अशा सगळ्या शिकत राहिल्या. बायकी सायकली बाजारांत पुरेनात तेव्हां त्यांनीं पुरुषांच्या दांडीच्या सायकली घेतल्या. आणि पुढच्या दांडीवर मूल बसवितां येतें म्हणून कित्येकींनीं तीच अधिक पसंत केली. पदवीधर मनुष्यास हें सुचलें नसतें. आम्ही दांडीकडे नेहमीं मर्यादेच्या दृष्टीनें पाहिलें. त्यांनीं ती आसन म्हणून पाहिली.

त्याच काळांत तेथील कांहीं खाणींचे ठेके कंत्राटदारांऐवजीं खडी फोडणाऱ्या स्त्रियांच्याच गटांस देण्यांत आले. म्हणजे वाचावयास येऊं लागलेली स्त्री, सायकलवर जाणारी स्त्री, आणि खाणीचा हिशेब पाहणारी स्त्री एकच होती. यांतील कोणतीहि एक गोष्ट सुटी केली असती तर तिचा टिकाव लागणें कठीण होतें. सायकलीमुळें बाजार दोन गांवें पुढें सरकला, बसची वाट पाहण्यांत जाणारा वेळ हातांत आला, आणि विक्री उरकून बाई मुलांकडे लौकर परतूं लागली. अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून उत्पादकता या नांवाखालीं जें सांगतात तें हेंच, नाहीं काय?

बिहार सरकारनें २००६ सालीं नववीस जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठीं दोन हजार रुपये देण्याची योजना सुरू केली, तिची कथा अधिक परिचित आहे. कार्तिक मुरलीधरन व निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनीं शेजारच्या झारखंडाशीं तुलना करून तिचा अभ्यास केला, तो २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. माध्यमिक शाळेंत नांव घालणाऱ्या मुलींचें प्रमाण ३२ टक्क्यांनीं वाढलें व मुलगे-मुलींतील तफावत ४० टक्क्यांनीं घटली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आम्हांस त्याहून लक्षणीय वाटली ती दुसरी गोष्ट. ही वाढ मुख्यतः ज्या गांवांपासून हायस्कूल तीन किलोमीटर किंवा अधिक दूर होतें तेथें दिसली. म्हणजे आईबाप शिक्षणाच्या विरुद्ध नव्हते. ते वाटेच्या विरुद्ध होते. आणि मुली थव्यानें जाऊं लागल्या तशी वाटहि बदलली.

आमच्या राज्यांतहि मानव विकास कार्यक्रमाखालीं मागास तालुक्यांतील मुलींना सायकली देतात, व त्यांच्यासाठीं निळ्या बसगाड्या सोडतात. हें काम चांगलें आहे, आणि त्या गाड्यांतून आलेल्या मुली आज आमच्या कॉलेजांत शिकत आहेत. तरी सायकलींच्या वांटपाचे जे समारंभ आम्हीं पाहिले त्यांविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. जूनमध्यें शाळा सुरू होते. सायकली येतात दिवाळीनंतर. आल्या तरी पाहुण्यांच्या तारखेसाठीं महिनाभर शाळेच्या पडवींत साखळीनें बांधून ठेवतात. वाटप झाल्यावर छायाचित्र निघतें. पुढें पंक्चर झालें, चेन तुटली, तर गांवांत दुकान नसतें, आणि सायकल गोठ्यांत जाऊन पडते. कांहीं शाळांनीं यावर आपल्यापुरता उपाय काढला आहे. बारावी झालेल्या मुलीनें सायकल शाळेस परत द्यावयाची, शाळेनें ती दुरुस्त करून नव्या मुलीस द्यावयाची. तिला सायकल बँक म्हणतात. हिच्या उद्घाटनास कोणी मोठा मनुष्य येत नाहीं, म्हणूनच कीं काय, ती जूनमध्यें वेळेवर चालू होते.

मजुरीच्या बाबतींत मात्र महाराष्ट्रानें साऱ्या देशास धडा घालून दिला आहे, आणि त्याचा आमच्या वाचकांशीं अगदीं जवळचा संबंध आहे. १९७२ च्या दुष्काळांत लाखों माणसें रस्त्यांच्या कामावर खडी फोडीत बसलीं. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून निघालेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ सालीं कायद्याचें रूप मिळालें व १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून तो अमलांत आला. तिच्या खर्चासाठीं १९७५ सालीं व्यवसायकर बसविण्यांत आला. ज्यांस पगारपत्रक मिळतें त्यांनीं एकदां तें निरखून पहावें. दरमहा २०० रुपये व फेब्रुवारींत ३०० अशी ती कपात तेथें दिसेल. आमच्या स्टाफरूममध्यें त्या कपातीबद्दल कुरकुर होते, ती कशासाठीं बसली हें मात्र तरुण सहाध्यापकांपैकीं फारसें कोणास ठाऊक नसतें. शहरांतील पगारदारानें खेड्यांतील मजुरास काम मिळावें म्हणून कर द्यावा, ही तडजोड आमच्या राज्यानें राजीखुशीनें केली. पुढें २००५ च्या केंद्रीय कायद्यानें ती कल्पना देशभर नेली. आणि त्या कायद्यांत, काम पांच किलोमीटरपलीकडे दिल्यास मजुरी दहा टक्के अधिक द्यावी, अशीहि तरतूद करण्यांत आली. सरकारी कागदांत पायांची किंमत मांडलेली आम्हांस तेवढीच आठवते.

आतां एस. टी. विषयीं. १ जून १९४८ रोजीं पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरास गेली. तेव्हांपासून खेड्यांतील शिक्षणाचा जो प्रसार झाला त्याचें श्रेय आम्ही प्राध्यापक मंडळी स्वतःकडे घेत असतों, पण त्यांतला मोठा वांटा या तांबड्या गाडीचा आहे. विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास, मुलींचा मोफत पास, आणि २०२३ च्या मार्चपासून सर्व स्त्रियांस निम्मे भाडें, या सवलतींनीं तिनें जें केलें तें सर्वांस दिसतें. न दिसणारें काम डब्यांचें. तालुक्याच्या गांवीं खोली करून राहिलेल्या मुलांचे डबे सकाळच्या गाडीनें येतात. आई फाट्यावर येऊन डबा कंडक्टरच्या हवालीं करते. त्याला चिठ्ठी नसते, पावती नसते. झांकणावर खिळ्यानें कोरलेलें नांव तेवढें असतें. स्टँडवर बाकाखालीं ते डबे ओळीनें मांडलेले असतात, आणि आमच्या आठवणींत चोरीची तक्रार एकदांहि आलेली नाहीं. जुन्या वारांची जागा या डब्यांनीं घेतली. येथें कोणाची जात विचारली जात नाहीं, आणि अन्न स्वतःच्या घरचें असतें.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेर एस. टी. कामगारांचा संप सुरू झाला व तो पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. त्याच्या न्याय-अन्यायांत आम्ही शिरत नाहीं. कामगारांचीं घरेंहि कष्टकऱ्यांचींच होतीं. महासाथीनें दीड वर्ष बंद असलेलीं कॉलेजें त्याच महिन्यांत उघडलीं होतीं. आमच्या वर्गांत पहिल्या आठवड्यांत साठ विद्यार्थी होते, संपाच्या दुसऱ्या आठवड्यांत बावीस. मुलगे मोटारसायकलींवर तिघे-तिघे बसून हळूहळू येऊं लागले. मुली आल्या नाहींत. एप्रिलनंतर गाड्या पुन्हां धांवूं लागल्या तेव्हां त्यांपैकीं तिघींचीं लग्नें झालीं होतीं. त्या तिघींचीं लग्नें संपानें लाविलीं असें आम्ही म्हणत नाहीं. पण रोज सकाळीं सातच्या गाडीस जाणारी मुलगी आणि पांच महिने घरांत दिसत असलेली मुलगी, या दोघींविषयीं नातेवाईकांचे विचार सारखे राहत नाहींत.

हें लक्षांत ठेवूनच लहान शाळांच्या प्रश्नाकडे पाहिलें पाहिजे. शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांनीं पांचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आंत असावी असें ठरविलें. तरी २०१७ सालीं दहापेक्षां कमी पटाच्या १,३१४ शाळा दुसऱ्या शाळांत मिळविण्याचा निर्णय जाहीर झाला, आणि २०२३ सालीं समूह शाळांची कल्पना पुढें आली. मोठ्या शाळेंत शिक्षक पुरेसे असतील, खेळावयास सोबती मिळतील, प्रयोगशाळा असेल, हें सर्व आम्हांस मान्य आहे. आठ मुलांच्या शाळेंत एका मास्तरानें चार इयत्ता सांभाळणें कांहीं सुखाचें नसतें. परंतु या योजनांत "वाहनाची सोय करण्यांत येईल" हें वाक्य ज्या सहजतेनें लिहिलेलें असतें तें वाचून आम्ही थांबतों. मोठी मुलगी सायकलवर जाईल. सहा वर्षांचें मूल वाहनावर अवलंबून राहील, आणि वाहन एका ठेक्यावर, ठेका एका मंजुरीवर. शाळा गांवांत असली म्हणजे यांपैकीं कोणाचीहि गरज नसते. वाहन आधीं दोन वर्षें नियमितपणें चालवून दाखवावें आणि मग शाळा हलवावी, एवढाच क्रम आम्ही सुचवूं.

दोन वर्षांमागें आमच्या गांवापासून चौदा किलोमीटरवरच्या वाडींतील एक मुलगी बारावी सायन्सला चांगले गुण मिळवून आली. तिला पदार्थविज्ञान घ्यावयाचें होतें. प्रॅक्टिकल साडेपांचला सुटे आणि तिकडची शेवटची गाडी पांच वाजून दहा मिनिटांनीं निघे. आम्हीं डेपोकडे अर्ज केला; या मार्गाचें उत्पन्न कमी असल्यानें वेळ बदलतां येत नाहीं, असें उत्तर आलें. शिक्षकांच्या सभेंत विषय काढला, तेव्हां "कॉलेज आतां एस. टी.च्या वेळापत्रकावर चालवावयाचें काय?" असा प्रश्न एका सहाध्यापकांनीं विचारला. आम्हीं होय म्हटलें. त्या वर्षीं कांहीं झालें नाहीं. मुलीनें आर्ट्सला नांव घातलें व ती आमच्या इतिहासाच्या वर्गांत आली. एक चांगली विद्यार्थिनी मिळाली म्हणून आम्हांस आनंद व्हावयास हवा होता.

गेल्या जूनपासून पदार्थविज्ञान आणि रसायन यांच्या प्रॅक्टिकलची एक तुकडी सकाळीं साडेसातला ठेवण्यांत आली आहे. तींत नऊ मुली आहेत, त्यांपैकीं चार त्याच वाटेवरच्या. पहिली गाडी साडेसहाला वाडीच्या फाट्यावर येते. थंडींत तेव्हां उजाडलेलें नसतें, म्हणून कोणाचे तरी वडील बॅटरी घेऊन फाट्यापर्यंत सोबत येतात. त्यांचा डबा मात्र त्या गाडीनें येत नाहीं, कारण इतक्या लौकर भाकरी झालेल्या नसतात. तो दहाच्या गाडीनें येतो, आणि कंडक्टर कॉलेजच्या फाटकापाशीं गाडी जरा हळू करून पहारेकऱ्याच्या हातीं देतो.